ड्रायव्हरमधले मेमरी बॅरिअर: शनिवारच्या बैठकीत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

नागपुरात लिनक्स कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) आणि एम्बेडेडचं (यंत्रात बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरचं) काम शिकणारी काही मुलंमुली दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे जमतात. कोणी परसोडीच्या आयटी पार्कमधून येतं, कोणी मिहानमधून, कोणी अजून कॉलेजात आहे. इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक), लॉक, डीएमए (उपकरणाने प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) हे विषय दोन-तीन बैठकांत अंगवळणी पडतात. ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, लिहिताना मेमरी बॅरिअरपाशी मात्र जवळजवळ प्रत्येकाची गाडी अडते, आणि प्रश्नही तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये जिथे अंडरस्कोर असतो तिथे इथे मोकळी जागा आहे.

मेमरी बॅरिअर नेमका कशासाठी असतो?

दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या की मेमरीतही त्या त्याच क्रमाने उमटतील, असं आपण धरून चालतो. पण तसं वचन कोणीच दिलेलं नाही. क्रम दोघं बदलतात. पहिला कंपायलर. एकाच धाग्यात (थ्रेडमध्ये) उत्तर बदलत नसेल तर तो ओळी पुढेमागे करतो, व्हेरिएबल प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये धरून ठेवतो, दोनदा लिहिलेली किंमत एकदाच लिहितो. दुसरा प्रोसेसर. त्याने केलेलं लिखाण आधी स्टोअर बफरमध्ये (कोअरच्या आतल्या तात्पुरत्या साठ्यात) थांबतं, आणि वाचन तर तो गरज पडण्याआधीच उरकून ठेवतो.

ज्या कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र भागावर) तुमचा कोड चालतो त्या कोअरला यातलं काही जाणवत नाही. जाणवतं ते बाहेरून पाहणाऱ्याला, म्हणजे दुसऱ्या कोअरला किंवा डीएमए करणाऱ्या उपकरणाला. बॅरिअर एवढंच सांगतो: माझ्या अलीकडची कामं पलीकडच्या कामांच्या आधी झालेली दिसली पाहिजेत.

कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या गाडीत चढतात आणि मग ड्रायव्हरच्या हातात चिठ्ठी पडते. चिठ्ठी आधी गेली तर गाडी अर्धी रिकामीच निघेल. बॅरिअर हमालाला घाई करत नाही, पेट्या मोजतही नाही. तो फक्त चिठ्ठीला पेट्यांच्या पुढे जाऊ देत नाही. म्हणून “बॅरिअर टाकला की डेटा लगेच मेमरीत जातो” हे वाक्य डोक्यातून काढून टाका. त्या एका वाक्यामुळे झालेल्या चुका मी सगळ्यात जास्त पाहिल्या आहेत.

माझ्या लॅपटॉपवर ड्रायव्हर महिनाभर नीट चालला. एआरएम बोर्डवर कधीतरी चुकीचा डेटा येतो. बोर्ड खराब आहे का?

बहुतेक वेळा बोर्ड चांगलाच असतो. एक्स ८६ चा, म्हणजे लॅपटॉपमधल्या इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरचा, नियम कडक आहे. साध्या मेमरीवर तो लिखाणांचा आपसातला क्रम पाळतो आणि वाचनांचाही पाळतो. आधीचं लिखाण बफरमध्ये असताना नंतरचं वाचन पुढे काढणं, एवढी एकच मोकळीक तो घेतो. एआरएम आणि रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरच्या जाती मात्र वाचन-वाचन, लिखाण-लिखाण, सगळंच पुढेमागे करू शकतात. एक्स ८६ वर बॅरिअर विसरलात तरी बरेचदा निभावतं, आणि म्हणूनच ती चूक लपून राहते.

आमचा अनुभव सांगतो. वर्धा रोडच्या बाजूला एका धरमकाट्यावर (गाड्या तोलायच्या काट्यावर) आमचा एआरएम बोर्ड बसवला होता. लोडसेलचे (वजनाच्या सेन्सरचे) आकडे घेणारं कार्ड प्रत्येक गाडीची एक नोंद डीएमएने मेमरीतल्या रिंगमध्ये (गोल फिरून पुन्हा वापरायच्या खणांच्या रांगेत) टाकायचं. रिंग ८ खणांची. प्रत्येक खणात वजन आणि ‘नोंद तयार’ असा एक बिट. कार्ड आधी वजन लिहायचं, मग बिट चढवायचं. आमचा ड्रायव्हर एका लूपमध्ये बिटाकडे पाहत बसायचा आणि बिट चढला की वजन उचलायचा.

आठवड्यातून एखादी पावती चुकायची. मे महिना होता, पारा ४५ च्या पुढे, त्यामुळे सगळ्यांनी दोष उन्हाला दिला. कॅबिनेटला पंखा लावला, पॉवर सप्लाय बदलला, केबलला शील्डिंग केलं. चूक थांबली नाही. शेवटी काट्यावर बसणाऱ्या पोराने पावत्यांचा गठ्ठा समोर ठेवला आणि म्हणाला, “भाऊ, हे वजन उगाच काहीतरी नाही आलं. हे तर सकाळच्या त्या कोळशाच्या गाडीचं आहे.” मोजलं तर ती गाडी बरोबर ८ गाड्या आधीची होती. पुढच्या चुकीच्या पावतीतही तेच निघालं. रिंगच्या त्याच खणातलं मागच्या फेरीचं वजन आम्ही वाचत होतो. बिट नवा, वजन जुनं.

बिट तपासणं आणि वजन वाचणं यांच्यामध्ये डीएमए आरएमबी, म्हणजे वाचनांचा क्रम राखणारा बॅरिअर, नव्हता. एक ओळ. ती घातल्यावर ती चूक परत आली नाही.

पण वजन तर इफच्या आत वाचलं होतं. बिट पाहिल्याशिवाय प्रोसेसर आत जाईलच कसा?

हा प्रश्न कोणी विचारला की मला आनंद होतो, कारण सगळी गोम इथेच आहे. प्रोसेसर अट पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. अट खरी ठरेल असा अंदाज बांधतो आणि आतलं वाचन आधीच सुरू करतो. समजा बिटाचं वाचन अजून वाटेत आहे आणि वजनाचं वाचन आधी पूर्ण झालं. त्या वेळी मेमरीत जुनंच वजन होतं. त्याच क्षणी कार्डाने नवं वजन लिहिलं आणि बिट चढवला. आता बिटाचं वाचन परत येतं आणि बिट चढलेला दिसतो. अंदाज बरोबर ठरला, म्हणून प्रोसेसर आधी वाचलेलं वजन टाकून देत नाही. त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नाही.

अटीमुळे वाचन आणि त्यानंतरचं लिखाण यांचा क्रम राहतो, तोही कंपायलरने मध्ये गडबड केली नाही तर. वाचन आणि वाचन यांचा क्रम अटीमुळे राहत नाही. हे तुम्ही कुठेतरी लिहून ठेवा.

एसएमपी वाले, डीएमए वाले आणि साधे बॅरिअर. मी कधी कोणता वापरू?

आधी स्वतःला विचारा: माझं लिखाण पाहणारा समोर कोण आहे? (नावातला आरएमबी वाचनांचा क्रम राखतो, डब्ल्यूएमबी लिखाणांचा, एमबी दोन्हींचा; एसएमपी म्हणजे अनेक कोअर.)

समोर दुसरा कोअर असेल, म्हणजे दोन्हीकडे कर्नलचाच कोड असेल, तर एसएमपी आरएमबी, एसएमपी डब्ल्यूएमबी, एसएमपी एमबी. समोर डीएमए करणारं उपकरण असेल आणि दोघं कोहिरंट मेमरीतून (जिथे दोघांना शेवटी एकच किंमत दिसते) बोलत असाल, तर डीएमए आरएमबी आणि डीएमए डब्ल्यूएमबी. मेमरी आणि उपकरणाची रजिस्टरं (त्याला हुकूम देण्याच्या जागा) या दोन वेगळ्या जगांमधला क्रम तुम्हाला हातानेच बांधायचा असेल, तर साधे एमबी, आरएमबी, डब्ल्यूएमबी.

उपकरणासमोर एसएमपी वाला वापरणं ही चूक फार पसरलेली आहे, आणि ती दोन ठिकाणी पकडली जाते. कर्नल एकाच कोअरसाठी बिल्ड केला असेल तर एसएमपी वाले सगळे बॅरिअर फक्त कंपायलरला थोपवतात, प्रोसेसरला काहीच सांगत नाहीत. कोअर एकच असला तरी उपकरण हा दुसरा पाहणारा असतोच, पण त्या नावाच्या बॅरिअरला त्याची दखल नाही. दुसरं ठिकाण एआरएम ६४. तिथे एसएमपी वाल्यांची हद्द ‘इनर शेअरेबल’ गटापुरती (साधारणपणे कोअरपुरती) असते, डीएमए वाल्यांची त्याहून मोठ्या ‘आउटर शेअरेबल’ गटापर्यंत जाते. तुमचं उपकरण नेमकं कोणत्या गटात बसतं हे चिप बनवणाऱ्याच्या हातात असतं. त्यावर पैज लावू नका.

आता उपकरणाला काम देण्याचा पूर्ण क्रम पाहू. नेटवर्क कार्ड असो की आमचा धरमकाटा, सांगाडा तोच:

पहिलं, डिस्क्रिप्टरमधला (रिंगच्या खणातल्या नोंदीतला) मालकीचा बिट (खण सध्या कोणाकडे आहे ते सांगणारा) वाचा. तो अजून उपकरणाकडे असेल तर परत फिरा.
दुसरं, डीएमए आरएमबी. यानंतरच खणातला डेटा वाचा.
तिसरं, नव्या बफरचा पत्ता आणि लांबी लिहा.
चौथं, डीएमए डब्ल्यूएमबी. त्यानंतर मालकीचा बिट उपकरणाकडे द्या.
पाचवं, राइटएलने (उपकरणाच्या रजिस्टरवर लिहिणाऱ्या फंक्शनने) डोअरबेल रजिस्टरवर (उपकरणाला ‘काम आलंय’ सांगणाऱ्या घंटेवर) लिहा.

चौथ्या पायरीतला बॅरिअर गाळला तर उपकरणाला मालकी आधी दिसू शकते आणि पत्ता नंतर. मग ते जुन्या पत्त्यावर डीएमए करतं. ती मेमरी तोवर दुसऱ्याच कोणाला दिलेली असते, आणि कर्नल भलत्याच ठिकाणी कोसळतो. क्रॅशच्या नोंदीत तुमच्या ड्रायव्हरचं नावसुद्धा नसतं.

डोअरबेलच्या आधी वेगळा डब्ल्यूएमबी लागतो का?

राइटएल वापरत असाल तर नाही. त्याच धाग्याने आधी मेमरीत केलेली लिखाणं राइटएलच्या आधी उपकरणाला दिसतील, ही हमी राइटएलमध्येच आहे. जुन्या ड्रायव्हरमध्ये डब्ल्यूएमबी आणि लगेच खाली राइटएल अशी जोडी खूप दिसते. बऱ्याच ठिकाणी तो डब्ल्यूएमबी फुकटचा खर्च आहे. राइटएल रिलॅक्स्ड वापरलात तर मात्र ही हमी गेली. तिथे आधी डब्ल्यूएमबी हवाच.

आयओरीमॅप डब्ल्यूसीने मॅप केलेल्या भागात लिहीत असाल तेव्हाही सांभाळा. तिथली लिखाणं एकत्र गोळा होऊन जातात, त्यामुळे त्यांच्यानंतर डोअरबेल वाजवायची असेल तर मध्ये डब्ल्यूएमबी ठेवा.

डीएमए अलॉक कोहिरंटने मेमरी घेतली आहे. मग बॅरिअर कशाला?

कोहिरंट म्हणजे दोघांना शेवटी एकच किंमत दिसेल. कोणती आधी आणि कोणती नंतर, याबद्दल त्या शब्दात काहीच नाही. धरमकाट्याची रिंग कोहिरंट मेमरीतच होती.

उलटी चूकही होते. डीएमए मॅप सिंगलने घेतलेल्या स्ट्रीमिंग बफरवर (एकेका व्यवहारापुरत्या उपकरणाकडे सोपवलेल्या बफरवर) कोणी बॅरिअर टाकतं आणि कॅशचं (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीचं) काम झालं असं समजतं. बॅरिअर कॅश साफ करत नाही. बफर हातात घेण्याआधी डीएमए सिंक सिंगल फॉर सीपीयू आणि परत देताना फॉर डिव्हाइस, हेच करावं लागतं.

राइटएल केलं, म्हणजे उपकरणाला ते मिळालं ना?

मिळेल, पण कधी ते ठरलेलं नाही. पीसीआयवर (कार्डं जोडण्याच्या मार्गावर) मेमरी-लिखाण ‘पोस्टेड’ असतं. प्रोसेसर ते पाठवून पुढे निघतो आणि ते वाटेतल्या ब्रिजमध्ये रेंगाळू शकतं. एरवी बिघडत नाही, कारण एकाच उपकरणाकडे जाणारी लिखाणं क्रमाने पोहोचतात. बिघडतं ते वेळेशी संबंध आला की.

उदाहरणच घ्या. रीसेटचा बिट राइटएलने चढवला, यूडिलेने १० मायक्रोसेकंद थांबलो, मग बिट उतरवला. डेटाशीटमध्ये लिहिलंय की रीसेट किमान १० मायक्रोसेकंद धरा. आपण प्रोसेसरवर १० मोजले खरे, पण पहिलं लिखाण त्यातला बराच वेळ वाटेतच असू शकतं आणि उपकरणाला रीसेट जेमतेम शिवून जातो. उपाय साधा आहे: राइटएलनंतर त्याच उपकरणाचं एखादं निरुपद्रवी रजिस्टर रीडएलने वाचा, मग थांबा. वाचनाचं उत्तर यायला आधीचं लिखाण पोहोचलेलं असावंच लागतं, आणि वाचन पूर्ण झाल्याशिवाय यूडिलेची मोजणी सुरू होत नाही.

इंटरप्ट बंद करून लगेच हँडलरमधून (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडमधून) बाहेर पडतानाही हेच. बंद करण्याचं लिखाण वाटेत राहिलं तर तोच इंटरप्ट पुन्हा येतो आणि “हा कोणाचा?” म्हणत आपण नोंदी चाळत बसतो.

सगळीकडे स्पिनलॉक घेतला आहे. तरीही बॅरिअर?

स्पिनलॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. दोन कोअरच्या आपसातल्या व्यवहाराला, तोच लॉक दोघं घेत असतील तर, वेगळा बॅरिअर नको. लॉक घेताना आणि सोडताना लागेल तेवढा क्रम त्यातच बांधलेला आहे. नवख्या माणसाला माझा सल्ला हाच: लॉकने भागत असेल तर लॉकच घ्या.

पण उपकरण तुमचा लॉक घेत नाही. त्याला तो दिसतही नाही. लॉकच्या आत मालकीचा बिट देताना डीएमए डब्ल्यूएमबी तितकाच लागतो जितका लॉकच्या बाहेर लागला असता.

आणखी एक: लॉकची भिंत एकाच बाजूने पक्की असते. आतलं बाहेर जात नाही, पण बाहेरचं आत येऊ शकतं. अनलॉकनंतर लिहिलेली ओळ अनलॉकच्या आधी घडली, तर दचकू नका.

जुन्या कोडमध्ये एमएमआयओडब्ल्यूबी दिसतो. तो ठेवू का?

काढून टाका. लॉकच्या आतल्या रजिस्टर-लिखाणांचा क्रम दोन कोअरमध्ये राखणं हे त्याचं काम होतं. २०१९ च्या कर्नल ५.२ आवृत्तीपासून ते काम जिथे लागतं तिथे स्पिन अनलॉक स्वतःच करतो आणि ड्रायव्हरसाठी ते फंक्शन उरलेलं नाही.

व्होलाटाइल लिहिलं तर?

व्होलाटाइल (सी भाषेतली व्हेरिएबलवरची खूण) कंपायलरला थोडंफार आवरतं, प्रोसेसरला नाही. शिवाय ते व्हेरिएबलला कायमचं चिकटतं, लॉकच्या आत जिथे गरज नाही तिथेही. कर्नलमध्ये त्यापेक्षा ज्या ओळीत गरज आहे तिथेच रीड वन्स आणि राइट वन्स वापरतात. त्याने एक वाचन एकदाच होतं, तुकड्यात होत नाही, आणि कंपायलर ते गाळत नाही. क्रमासाठी मात्र बॅरिअर लागतोच.

इंटरप्ट हँडलर भरतो आणि कर्नल थ्रेड रिकामा करतो अशी रिंग लॉकशिवाय करता येते का?

भरणारा एकच आणि रिकामा करणारा एकच असेल तर येते. भरणाऱ्याने खणात डेटा लिहावा आणि मग हेड (पुढे कुठे भरायचं तो आकडा) एसएमपी स्टोअर रिलीजने (आधीचं सगळं उमटल्यावरच लिहिणाऱ्या फंक्शनने) पुढे सरकवावा. रिकामा करणाऱ्याने हेड एसएमपी लोड अक्वायरने (नंतरचं काही आधी होऊ न देणाऱ्या वाचनाने) वाचावा, मग डेटा उचलावा. टेलच्या (पुढे कुठून रिकामं करायचं त्या आकड्याच्या) बाबतीत हेच उलट दिशेने. हा भाग बहुतेक जण विसरतात, आणि मग अजून न वाचलेल्या खणावर नवा डेटा पडतो.

या सगळ्या पानावर एकच गोष्ट मला ठासून सांगायची आहे: बॅरिअर कधी एकटा नसतो. लिहिणाऱ्याकडे डब्ल्यूएमबी असेल तर वाचणाऱ्याकडे आरएमबी हवा; रिलीज असेल तर अक्वायर हवा. एका बाजूने कितीही बॅरिअर टाकले तरी दुसरी बाजू मोकळी असेल तर क्रम सुटतो. समोर उपकरण असेल तेव्हा त्याच्या बाजूची जोडी हार्डवेअरमध्ये असते: कार्ड वजन आधी लिहितं आणि बिट नंतर, हे डेटाशीटमध्ये लिहिलेलं पाहिजे. लिहिलेलं नसेल तर कार्ड बनवणाऱ्याला विचारा.

झोपणाऱ्या थ्रेडला उठवताना फ्लॅग आणि वेक अप यांच्यामध्ये काही लागतं का?

वेट इव्हेंट किंवा कंप्लिशन ही कर्नलची तयार साधनं वापरा, ते त्यात सांभाळलेलं आहे. स्वतः शेड्यूल बोलवून झोपण्याचा कोड लिहायची गरज क्वचितच पडते. पडलीच तर आधी सेट करंट स्टेट (‘मी झोपतोय’ अशी नोंद) आणि मग अट तपासणं, हा क्रम उलटा करू नका.

बॅरिअरमुळे ड्रायव्हर किती मंदावतो?

प्रोसेसरच्या आणि बॅरिअरच्या जातीवर अवलंबून आहे. एक्स ८६ वर डीएमए डब्ल्यूएमबी म्हणजे फक्त कंपायलरला सूचना, प्रोसेसरला वेगळी आज्ञाच जात नाही. एआरएम ६४ वर तोच ‘डीएमबी’ होतो, जो फक्त क्रम लावतो. साधा डब्ल्यूएमबी मात्र ‘डीएसबी’ होतो, जो आधीची लिखाणं पूर्ण होईपर्यंत प्रोसेसरला थांबवून ठेवतो. म्हणून जिथे डीएमए वाला पुरतो तिथे साधा नको.

खरा खर्च बहुतेक वेळा डोअरबेलचा असतो. एकेका पॅकेटला घंटा वाजवण्यापेक्षा रिंगमध्ये १६ डिस्क्रिप्टर भरा आणि एकदाच वाजवा. नेटवर्क ड्रायव्हरला अजून पॅकेट येणार आहेत का हे कर्नलच सांगतो. नेटडेव्ह एक्समिट मोअर त्यासाठीच आहे.

चूक सापडायची कशी? प्रिंटके टाकलं की ती गायबच होते.

होणारच. प्रिंटकेच्या (कर्नलच्या नोंदी छापणाऱ्या फंक्शनच्या) आत लॉक आहेत, बॅरिअर आहेत, आणि वेळ तर भरपूर जातो. प्रिंटकेने बरी होणारी चूक दिसली की मी आधी क्रमाचाच संशय घेतो.

दोन कोअरमधल्या शर्यतींसाठी (कोण आधी पोहोचतो यावर निकाल बदलतो अशा चुकांसाठी) केसीसॅन हे तपासणीचं साधन चालवा, २०२० पासून तो कर्नलमध्ये आहे. छोट्या तुकड्याबद्दल शंका असेल तर कर्नलच्या सोर्समधल्या टूल्स फोल्डरात मेमरी मॉडेल (क्रमाच्या नियमांची मांडणी) आहे, २०१८ मध्ये आलेलं. आठ-दहा ओळींची लिटमस टेस्ट लिहायची आणि हर्ड ७ ला (ती तपासणाऱ्या प्रोग्रामला) विचारायचं की असा निकाल कधी येऊ शकतो का. पण उपकरण यातल्या कोणालाच दिसत नाही. डीएमएच्या बाजूसाठी कोड वाचणं आणि एआरएमच्या खऱ्या बोर्डवर रात्रभर भार देणं, हेच दोन मार्ग आहेत. भार देताना प्रत्येक नोंदीत चढता क्रमांक घाला. चुकीची नोंद आली की आधी वजाबाकी करा. फरक रिंगच्या आकाराएवढा निघाला तर बहुधा तुम्ही मागच्या फेरीचा डेटा वाचताय.

बॅरिअरवर कॉमेंट नसली की चेकपॅच (कर्नलच्या कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट) ओरडतो. काय लिहू?

“येथे बॅरिअर आवश्यक” असं लिहू नका, ते दिसतंच आहे. कोणत्या दोन गोष्टींचा क्रम राखायचा आणि जोडीदार कुठे आहे, ते लिहा. धरमकाट्याच्या ड्रायव्हरमध्ये त्या ओळीवर आज असं आहे: “तयार बिट वाचल्यानंतरच वजन वाचायचं. जोडी: कार्डाचं फर्मवेअर वजन आधी आणि बिट नंतर लिहितं. हे काढल्यास ८ गाड्या आधीचं वजन येतं.”